मी नुसती मान हलवली

पुणे, २७ जानेवारी २०२५

प्रिय मुनीर,

तुझं पत्र मिळालं. पत्रात विचारतोस, खैरियत काय. आणि मी फोन करतो तर उचलत नाहीस. तीन वर्षांत एकदा तरी उचललास का? विचारलं की ठरलेलं उत्तर, ‘फोनात काय मजा, खत लिही.’ लिहितो बाबा. जगात पत्र लिहिणारे आता दोनच उरले असतील, एक तू आणि दुसरा तुझ्या नादाला लागलेला मी. आमच्या सोसायटीच्या आसपास पोस्टाची पेटीसुद्धा नाही. वॉचमन राधेश्याम ड्यूटी संपवून घरी जाताना माझं पाकीट टाकतो आणि दरवेळी विचारतो, ‘साहब, कोर्ट का है क्या?’

रहिमुन्निसा वहिनी होत्या तोवर बरं होतं. फोन त्याच घ्यायच्या आणि माझं प्रत्येक वाक्य तुला परत ऐकवायच्या. घरी आलो तरी तेच. मी म्हणायचो, चहा नको, की वहिनी तुझ्याकडे तोंड करून, ‘भाई म्हणून राह्यले, चहा नको.’ अरे, मी तुझ्यासमोर दोन हातांवर बसलेलो! मी म्हणायचो, कोर्टात पुकारा तीनदा होतो, तुमच्या घरी दोनदा. सगळे हसायचे, वहिनीसुद्धा. फार आठवण येते त्यांची.

माझं इथे उत्तम चाललंय. खाली मोठी बाग आहे, सकाळी आम्हा म्हाताऱ्यांचा अड्डा जमतो, चहा होतो, राजकारण होतं. मुकुल आणि सूनबाई चिन्मयी दोघंही कामात बुडालेले असतात, पण बापाला काही कमी पडू देत नाहीत. आमची रमाबाई असती तर तिलाही आवडलं असतं. एकतीस वर्षं जालन्याच्या कोर्टात लोकांचे जबाब लिहिले, त्यामुळे हात मात्र अजून शिवशिवतो. तो तुझ्यावर भागवतो.

तू अजून त्या बियाण्याच्या कारखान्यात पोत्यांची तोंडं शिवायला जातोस? लोखंडाच्या मिलमध्ये तीस वर्षं भाजून निघालास ते पुरे नाही झालं? निदान सायकलवरून एमआयडीसीत जाणं बंद कर. त्या रस्त्यावर टेम्पोवाले वाऱ्यावर स्वार असतात. सदुसष्ट वय आहे तुझं, सतरा नाही. आपण टेंभुर्णीच्या शाळेत एका बाकावर बसायचो म्हणून मला नक्की ठाऊक आहे.

तुझा,
गिरिधर


जुना जालना, ६ फेब्रुवारी २०२५

दोस्त गिरिधर, सलाम.

अक्षर वाकडं आलंय, पडून लिहितोय. तुझी जीभ काळी आहे का ते एकदा आरशात बघ. तू लिहिलंस सायकल बंद कर, आणि सोमवारी सकाळी सायकलनेच मला बंद केलं.

घाबरू नको. बाजूने टेम्पो गेला, तोल गेला, पडलो. उजवा पाय नडगीला दुखावलाय. टेम्पोवाला पोरगा आपल्या टेंभुर्णीचाच निघाला, टेम्पोच्या दारावरच नाव-गाव लिहिलंय, देवानंद. बिचाऱ्याने स्वतः उचलून टेम्पोत घातलं आणि घरापर्यंत आणून सोडलं. असं आता कोण करतं? दुसऱ्या दिवशी तोच हाडवैदाला घेऊन आला. त्याने लेप लावला, बांबूच्या कामट्या लावल्या आणि कचकचून बांधून दिलं. म्हणाला असेल, पंधरा दिवस हलू नका. तसाच पडलोय. ठणका आहे. पायाची बोटं जरा निळसर दिसतात, पण थंडी पण बिलकुल कमी नाही यंदा.

शेजारच्या मालनबाई दोन वेळा भाकरी देतात. दार वाजवत असतील, मग उंबऱ्यावर ठेवून जातात. अफ्रीनला मी कळवलं नाही, तूही कळवू नको. सिल्लोडहून लेकरं घेऊन धावत येईल आणि तिच्या सासरी उगाच बोलणी. घरात कोणी नाही ते बरंच आहे. कण्हलं तरी कुणाची झोपमोड होत नाही.

तुझ्या अड्ड्यावरच्या म्हाताऱ्यांना माझा सलाम सांग. मजा आहे तुझी.

मुनीर


पुणे, ११ फेब्रुवारी २०२५
(स्पीड पोस्टाने)

मुनीर,

काल संध्याकाळी तुझं पत्र आलं आणि ‘बोटं निळसर’ या दोन शब्दांवर मी जेवण टाकून उठलो. अरे गाढवा, बोटं थंडीने एकाच पायाची निळी होतात का?

हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा तू दवाखान्यात असशील. काल लगेच रखमाजीला फोन लावला. आठवतो ना? कोर्टात बेलिफ होता, समन्स बजावायचा, लांब मिशा. आता रिटायर होऊन तुझ्यापासून चार गल्ल्यांवरच राहतो. त्याला म्हटलं, रिक्षा घेऊन जा, मुनीर नको म्हणाला तर उचल, शिव्या दिल्या तर ऐकून घे, पण सरकारी दवाखान्यात नेऊन आधी ती पट्टी सोडव आणि एक्स-रे काढ. तो म्हणाला, ‘साहेब, जप्तीचा माल उचलला आयुष्यभर, मुनीरभाईला काय जड हाय.’

आता दुसरी गोष्ट. तू मित्राला पत्र लिहितोस की आरोपीचा जबाब? ‘बाजूने टेम्पो गेला, तोल गेला.’ अशी वाक्यं मी हजारो लिहिली आहेत. सायकलवरून आपोआप पडलेल्या माणसाला टेम्पोवाला घरी पोचवत नाही, आणि हाडवैद तर मुळीच आणत नाही. तो पुढे निघून जातो. चोराच्या मनात चांदणं. टेम्पोने तुला धडक दिली, हो ना?

दवाखान्यात डॉक्टर विचारतील, कसं लागलं. खरं ते सांग. ते केसपेपरवर लिहितील, पोलिसांना कळवतील, पोलीस येऊन तुझा जबाब घेतील. जागेचा पंचनामा होईल. हे सगळं वेळेत व्हायला हवं, कारण टायरच्या खुणा, बघणारे लोक, कोणीच तुझ्यासाठी थांबून राहत नाही. देवानंदचं कसं होईल म्हणून गप्प बसू नको. टेम्पोचा विमा असतो, तो याचसाठी.

रागावलो असं समजू नको. रागावलोच आहे.

गिरिधर


जालना, १८ फेब्रुवारी २०२५

गिरिधर,

दवाखान्याच्या खाटेवरून लिहितोय. तुझ्या रखमाजीने खरंच जप्ती आणली. पट्टी सोडली तेव्हा खालची कातडी काळी पडायला लागली होती. डॉक्टरीण बाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. नडगीची दोन्ही हाडं मोडलेली, वरून पट्टीने रक्त अडवलेलं. रखमाजीने त्यांना विचारलं आणि त्यांनी दोन बोटं वर केली. रखमाजीने मला नंतर पाटीवर लिहून दिलं, अजून दोन दिवस आणि पाय कापावा लागला असता. शुक्रवारी ऑपरेशन झालं. आत लोखंडाची पट्टी आणि स्क्रू घातलेत. मिलमध्ये तीस वर्षं लोखंड ओढलं, आता लोखंड मला ओढणार.

तू माझा पाय वाचवलास. हे मी विसरणार नाही.

पण पुढच्या भानगडीत पडू नको. केसपेपरवर मी ‘सायकलवरून पडलो’ असंच लिहायला लावलं आहे आणि खाली सही केली आहे. टेम्पोने धडक दिली, बराबर ओळखलंस. पण चूक माझी होती. ती कशी, ते विचारू नको. पोरगा आपल्या गावचा. तोंडवळ्यावरून ओळखलं, त्याचा बाप आपल्या दोन वर्ग मागे होता. पोलीस, कोर्ट, काही नको.

मुनीर


पुणे, २४ फेब्रुवारी २०२५

प्रिय मुनीर,

ऑपरेशन झालं, देवाची कृपा. आता माझं ऐक.

रखमाजीशी रोज बोलतोय. त्याने एक गोष्ट सांगितली आणि तेव्हापासून मला चैन नाही. म्हणाला, ‘साहेब, मुनीरभाईंचं काहीतरी बिघडलंय. मी विचारलं, पोटात काही गेलं का, तर म्हणाले, मंगळवारी. डॉक्टर म्हणाले, उताणे व्हा, तर हे हसून मान हलवून राह्यले. म्हणून मंग मी पाटी आणली.’

मुनीर, तुझ्या डोक्याला मार लागलाय. तू कुणाला सांगत नाहीयेस किंवा तुला स्वतःलाच ते कळत नाहीये. डोक्याचा मार असाच असतो, वरून काही दिसत नाही आणि माणूस भलतंच बोलायला लागतो. डॉक्टरांना सांग, डोक्याचा स्कॅन करा. मी रखमाजीलाही सांगितलं आहे.

आणि ‘चूक माझी होती’ हे कोण ठरवणार? तू सायकलवर, तो टेम्पोत. तो मागून आला असणार. मागून येणाऱ्याने पुढच्याला सांभाळायचं असतं. चूक कुणाची ते ठरवायला माणसं नेमली आहेत, एकतीस वर्षं मी त्यांच्या खाली बसलो. केसपेपरवर चुकीचं लिहिलं गेलं असलं तरी पोलिसांत जाऊन खरा जबाब देता येतो. उशीर का झाला ते सांगायचं, बस. नुकसानभरपाईचा अर्जही अपघातापासून सहा महिन्यांच्या आत पडला पाहिजे. हा पाय घेऊन तू पोत्यांसमोर आठ तास उभा राहणार आहेस का? मग खाणार काय? अफ्रीनकडे जाणार नाहीस, मुलीच्या सासरचं पाणीही पीत नाहीस, सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही तुझा.

स्कॅन कर. आणि कारण सांग.

तुझा,
गिरिधर


पुणे, १२ मार्च २०२५

मुनीर,

दोन आठवडे झाले. उत्तर नाही. रखमाजी म्हणतो, घरी सोडलंय, कुबड्या दिल्यात, पण स्कॅनचं नाव काढलं की तू भिंतीकडे तोंड करतोस. राधेश्यामला रोज विचारतो, डाक आली का. आता तोच मला टाळायला लागलाय.

दोन ओळी लिही. शिव्या लिही, पण लिही.

गिरिधर


जुना जालना, १९ मार्च २०२५

दोस्त गिरिधर,

तुझी पत्रं उशाशी आहेत. लिहायला बसायचो आणि कागद फाडायचो. रमजान चालू आहे. औषधांमुळे यंदा माझे रोजे नाहीत, तरी संध्याकाळी खिडकीत बसतो. समोरच्या मशिदीचा हिरवा दिवा लागला की कळतं, अजान झाली.

अजान मला ऐकू येत नाही. काहीच ऐकू येत नाही. घे, लिहून टाकलं.

डोक्याला काही झालेलं नाही. मिलच्या आवाजाने कान गेले. आधी थोडे, मग जास्त, आणि आता पाच-सहा वर्षं झाली, पार बंद. कानाचं मशीन घेतलं होतं, ते नुसतं शिटी मारायचं, पेटीत पडलंय. रहिमुन्निसाला दोनदा बोलायची सवय नव्हती. ती तुमचं बोलणं ओठांनी मला सांगायची. तिचे ओठ मला पाठ होते. दुसऱ्या कुणाचे वाचता येत नाहीत, अफ्रीनचेही नाही. फोन ती का घ्यायची ते आता समजलं असेल. तुम्ही तिला हसायचे तेव्हा ती पण हसायची, आणि तुम्ही काय बोलून हसलात ते मला सांगायची.

ती गेल्यावर मी एक युक्ती काढली. कोणी काही बोललं की मान हलवायची आणि जरा हसायचं. दहातल्या आठ वेळा चालून जातं. लोक फक्त ऐकवायला येतात, उत्तर कुणाला हवं असतं?

आता त्या दिवसाचं. मी माझ्या बाजूने चाललो होतो. मागून धडक बसली. डोळे उघडले तर देवानंद समोर, रडवेला चेहरा, हात हलवून सारखं बोलून राह्यलेला. दुसरं काय बोलणार? हेच, की काका, एवढा हॉर्न दिला, बहिरे आहात का? आणि आहेच मी बहिरा. मी मान हलवली आणि म्हणालो, घरी सोड. तो अजून काही बोलला, त्यालाही मान हलवली. म्हणून म्हटलं, चूक माझी. बहिऱ्या माणसाने रस्त्यावर जाऊच नये.

आणि तुझ्या कोर्टाची मला भीती वाटते. तूच एकदा माझ्या घरी बसून बहिऱ्या साक्षीदाराची गोष्ट सांगितली होतीस. तेव्हा मला अजून थोडं थोडं ऐकू यायचं, तुकडे कानावर पडले. वकील विचारतो एक, म्हातारा सांगतो भलतंच, आणि सगळं कोर्ट पोट धरून हसतं. ती एक गोष्ट रहिमुन्निसाने मला सांगितली नाही. ‘कुछ नहीं, भाई का मजाक,’ म्हणाली. पण तू कानामागे हात धरून नक्कल केली होतीस. ती दिसायला कान लागत नाहीत.

जगात सगळ्यांना कळलं असतं तरी चाललं असतं. तुला कळू द्यायचं नव्हतं.

मुनीर


पुणे, २४ मार्च २०२५

मुनीर,

काय लिहू? ती गोष्ट मी पन्नास ठिकाणी सांगितली आहे. त्या म्हाताऱ्याचं नाव मला आठवत नाही, आणि नक्कल मात्र अजून पाठ आहे. मला लाज वाटते. वहिनींची माफी मागायची राहून गेली, ती तुझ्याकडे मागतो.

इतकी वर्षं तुझ्यासमोर बसून चहा प्यायलो आणि मला कळलं नाही. लोकांच्या तोंडातून शब्द पडला की टिपायचा, हाच माझा धंदा. आणि माझ्याच दोस्ताच्या घरात काय चाललंय ते मला दिसलं नाही.

आता भांडण. हॉर्न मारला म्हणजे रस्त्याचा सातबारा त्याच्या नावावर झाला का? तू डाव्या बाजूने चालला होतास. पुढचा माणूस बाजूला झाला नाही तर मागच्याने वेग कमी करायचा, ब्रेक त्यासाठीच असतो. ऐकू न येणं हा गुन्हा नाही. उलट तुझ्यासारख्याला कोर्टातल्या विधी सेवेच्या ऑफिसातून वकील फुकट मिळतो. ज्याची लाज धरून बसलास त्याच्याच जोरावर. कानाच्या सर्टिफिकेटसाठी त्या डॉक्टरीण बाईंनाच विचार.

कोर्टात तुला कोणी हसणार नाही, कारण तुझ्या शेजारी मी बसणार आहे. आधी पोलीस स्टेशन, तिथे जबाब. ते विचारतील, मी लिहीन, तू वाचायचं आणि उत्तर द्यायचं. नवी दोनशे पानी वही आणली आहे. मुकुल म्हणाला, बाबा, या वयात बसचा प्रवास कशाला. मी मान हलवली. तुझी युक्ती चांगली आहे.

ईद होऊ दे. तीन एप्रिलला येतो. शीरखुर्मा उरव.

तुझा,
गिरिधर


जुना जालना, १० एप्रिल २०२५

दोस्त गिरिधर, सलाम.

तू नीट पोचला असशील. तू गेल्यावर घर फार मोठं वाटायला लागलं, आणि दोन खोल्यांचं तर आहे.

तुझी वही वाचतोय. पाच दिवसांचं सगळं बोलणं तिच्यात आहे, पण फक्त तुझं. माझं मी तोंडाने बोललो, ते हवेत गेलं. त्यामुळे वाचताना वाटतं, तू एकटाच बडबडत होतास. पान अकरा, ‘साखर कमी घाल.’ पान बारा, ‘अरे, अजून कमी.’ पान तेरावर नुसतं, ‘वहिनींचा फोटो कुठला आहे हा?’

पोलीस स्टेशनातलं पान मी पुन्हा पुन्हा काढतो. हवालदाराने तोंड उघडलं, तू खाली मान घालून लिहिलंस आणि वही माझ्याकडे सरकवलीस. ‘हॉर्न ऐकू आला होता का?’ खोलीत सात-आठ माणसं होती. मंग मी म्हणालो, ‘मला ऐकू येत न्हाई साहेब. कधीचंच येत न्हाई.’ फार मोठ्याने बोललो असणार, कारण सगळ्यांनी वळून बघितलं. मी वाट बघत होतो हसायची. कोणी हसलं नाही. हवालदाराने आधी मोठं तोंड करून बोलायचा प्रयत्न केला, मग लाजला, तुझ्या हातातलं पेन घेतलं आणि पुढचा प्रश्न स्वतः लिहिला. ‘काका, तेव्हा किती वाजले होते?’ गिचमीड अक्षर आहे, पण ते पान मी फाडू देणार नाही.

आणि देवानंद. त्याला बोलावलं तेव्हा मी खाली बघत बसलो होतो. तो किती वेळ बोलला आणि तू लिहीतच राहिलास. वही पुढे आली ती अजून डोळ्यांसमोर आहे. ‘साहेब, मी हॉर्न वाजवलाच न्हाई. मोबाईल बघून राह्यलो होतो. काका पडले तेव्हा मी हात जोडून म्हणत होतो, चूक माझी हाय, दवाखान्यात चला, मंग पोलिसात जाऊ. काकांनी मान हलवली. मला वाटलं, चला म्हणताहेत, तर म्हणाले, घरी सोड. तीनदा विचारलं. तिन्ही वेळा मान हलवून घरीच म्हणाले. मला वाटलं, यांना भानगड नको. म्हणून हाडवैद आणला.’

गिरिधर, हॉर्न नव्हताच. दोन महिने मी एका हॉर्नसाठी स्वतःला शिव्या दिल्या आणि तो कधी वाजलाच नव्हता. पोरगा मला दवाखान्यात चला म्हणत होता आणि मी हसून मान हलवत होतो. पाय टेम्पोने मोडला खरा, पण काळा मीच पाडला. देवानंद बाहेर माझ्या पायाशी बसून रडला. त्याच्यावर केस झाली याचं वाईट वाटतं, पण तो म्हणाला (तू लिहून दिलंस), काका, आता मला झोप लागंल.

वकील बाई, शीतल नाव, परवा घरी येऊन सह्या घेऊन गेल्या. अर्ज वेळेत पडतोय. पहिली तारीख अठ्ठावीसला. त्या पण बोलायच्या आधी वही मागतात. मालनबाई लिहायला शिकलेल्या नाहीत, त्यांनी दाराला दोरी बांधून आत माझ्या खाटेला डबा अडकवलाय. ओढली की डबा हलतो. अफ्रीन ईदला आली होती तेव्हा तिला सांगितलं. तिने लिहून दिलं, ‘अब्बा, मला ठाऊक होतं. अम्मीने शपथ घातली होती.’ सगळ्यांनी मला सांभाळलं, आणि मी समजत होतो, मी लपवलंय.

आता एकच गोष्ट. परवा बसस्टँडवर तू खिडकीत बसलास. वही पिशवीत गेली होती. गाडी सुरू झाली आणि तू काहीतरी बोललास. दोन-तीन वाक्यं असावीत. मी सवयीने हसलो, मान हलवली, हात केला. घरी येताना आठवलं. देवानंदलाही मी अशीच मान हलवली होती.

काय बोललास ते लिहून पाठव.

मुनीर


पुणे, १५ एप्रिल २०२५

मुनीर,

तुझं पत्र दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. तुला वाटलं असेल, म्हणालो असेन औषधं वेळेवर घे. तसं लिहून पाठवणार होतो. पण तू पोलीस स्टेशनात सात-आठ माणसांसमोर खरं बोललास, आणि मी इथे खोटं लिहायचं, हे बरोबर नाही.

आधी एक कबुली. बागेत अड्डा वगैरे काही नाही. बाग आहे. सकाळी जातो, बाकावर बसतो. आजूबाजूला कानात इअरफोनची बोंडं घातलेली माणसं धावत असतात. मी कोणाकडे बघून हसलो तर ते मान हलवतात. मुकुल-चिन्मयी चांगली आहेत, खरंच. सकाळी आठला जातात, येतात तेव्हा थकलेली असतात, जेवताना विचारतात, बाबा, सगळं ठीक? मी म्हणतो, ठीक. त्यापुढे दिवसभरात मी पूर्ण वाक्य बोलतो ते फक्त राधेश्यामशी, डाक आली का. माझे कान शाबूत आहेत मुनीर, पण त्यांत पडायला काही नाही. तुझ्याकडच्या पाच दिवसांत माझा आवाज निघाला नाही, सगळं वहीत लिहिलं, आणि रमाबाई गेल्यापासून इतकं बोललो नव्हतो.

तर बस सुटली तेव्हा मी म्हणालो, ‘मुनीर, मला परत जायचं न्हाई रे. मला उतरवून घे. तुझ्याकडं राहतो.’

वही पिशवीत होती, मांडीवर. काढता आली असती. तुला ऐकू येणार नाही हे माहीत होतं, म्हणूनच तर बोललो. तू हसलास, मान हलवलीस आणि हात केलास, आणि गाडी वळली.

आता लिहून दिलंय. यावर मान हलवू नकोस. उत्तर लिही.

गिरिधर